अकरा गैरहजर

मंगळवार, २ डिसेंबर २०२५

ही सिमेंट कंपनीची डायरी शंभुलिंगच्या हार्डवेअरच्या दुकानातून जानेवारीत मिळाली होती. अकरा महिने कोरी पडून राहिली. प्रत्येक पानाच्या तळाशी बांधकामाची एक सूचना छापलेली आहे. आजची सूचना : ‘स्लॅबवर पाणी मारण्यात कसूर करू नका.’ नोकरीत होतो तोवर मी रोज चार ओळी लिहायचो. निवृत्तीनंतर लिहिण्यासारखं काही घडत नाही अशी समजूत करून घेतली, आणि मग खरंच काही घडेना.

आज घडलं. शंभुलिंग स्वतः घरी आला. सत्याऐंशीच्या दहावीचा हा माझा विद्यार्थी, मागच्या बाकावरचा. आपल्या शाळेला साठ वर्षं होतायत. सव्वीस जानेवारीला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे आणि समितीचा अध्यक्ष तोच. म्हणाला, “गुरुजी, झेंडावंदन झालं की वीस मिनिटं तुमची. भाषण करा, कविता म्हणा, न्हाय तर आम्हाला उठाबशा काढायला लावा.”

मी मनातल्या मनात वृत्तसुद्धा ठरवून टाकलं. भुजंगप्रयात. दुसरं कुठलं?

एवढ्यात आतल्या खोलीतून धप् धप् सुरू झालं. शंभुलिंग दचकला. “हे काय गुरुजी, घरात बोअर मारताय का?”

आरोही बाहेर आली. ही माझी नात, बालाजीची मुलगी. बालाजी आणि सूनबाई पुण्याला असतात. पोरगी जूनपासून आमच्याकडं आहे. कंपनीचं काम दिवसभर लॅपटॉपवर इथूनच करते. शांतता हवी म्हणून आले, म्हणते. शांततेसाठी हैदराबाद हायवेच्या कडेला राहायला आलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

“काका, नाचायचं गाणं आहे ते,” ती म्हणाली. “त्यातले सगळे आवाज मीच तयार केलेत.”

शंभुलिंगचे डोळे चमकले. अलीकडच्या बॅचची पोरं नाचायचं काहीतरी ठेवा म्हणून त्याच्या मागं लागली आहेत, आणि खजिनदार ईरण्णासारखे जुने विद्यार्थी डीजेचं नाव काढलं तरी अंगावर येतात. “पंधरा मिनिटं देतो हिला,” तो म्हणाला. “पण एका अटीवर. गुरुजी, तुम्ही ऐका आणि पास करा. फळ्याकडं तोंड असायचं तुमचं, तरी मागं कोण अक्षर खाल्लं ते कळायचं. त्या कानावर अख्खी समिती डोळे झाकून विश्वास ठेवंल.”

आरोही तीन वर्षं हे उद्योग करते आहे, पण आजवर एकाही माणसासमोर वाजवलेलं नाही. माझ्याकडं अशी बघत राहिली की मी लगेच म्हणालो, “ठरलं.”

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज तिच्याकडून धडा घेतला. मला वाटत होतं, पेटीसारखं काहीतरी वाद्य असणार. तसलं काही नाही. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळी.

“आबा, मी आवाज बनवत नाही. मी नियम लिहिते. आवाज किती झपकन उठावा, किती वेळ रेंगाळावा, एका सेकंदात त्यानं किती हेलकावे खावेत, टोकदार असावा की गुळगुळीत. नुसत्या मर्यादा सांगायच्या. आतले आकडे कॉम्प्युटर फासे टाकल्यासारखे टाकतो. एका दमात चाळीस आवाज पडतात. कधीच कुणी न ऐकलेले.”

“आणि वाईट पडले तर?”

“तर नियम बदलायचा.”

आम्ही तरी काय करत होतो? चार गण, बारा अक्षरं, एवढं कुंपण घालायचं आणि आत कुठले शब्द येऊन बसतात ते पाहायचं. पन्नास वर्षं मी ज्याला कविता म्हणत आलो ते ही पोरगी बटणं दाबून करते आहे. आनंदाच्या भरात दोन वेळा चहा मागितला. दुसऱ्या वेळी आमच्या सौभाग्यवतीनं, धुरपदाबाईनं, दिला नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

गाणं ऐकलं. पास करता आलं नाही. खरं ते लिहितो.

दणका आहे, जोर आहे, छातीत घुमतं. पण सगळे गुरूच गुरू! लघू एकही नाही. नुसता हत्ती चालल्यासारखं. शाळेत वृत्त शिकवायची माझी एक रीत होती. लघू आला की चुटकी, गुरू आला की बाकावर थाप. भुजंगप्रयात म्हणजे चुटकी-थाप-थाप, चुटकी-थाप-थाप, असं चार वेळा. सापाची चाल. साठ मुलांचा वर्ग एकदम वाजवायला लागला की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर येऊन दारात उभे राहायचे, आणि दोन मिनिटांनी त्यांचाही पाय हलायला लागायचा.

आरोहीला म्हणालो, “तुझ्या गाण्यात चुटक्या कुठं आहेत?”

ती गोंधळली. “आहेत की आबा. प्रत्येक ठोक्याच्या मधी आहेत. चिक् चिक् चिक्. ऐका.”

पुन्हा लावलं. धप्. धप्. धप्. मी मान हलवली. तिला राग आला नसावा, पण माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिली. नवख्या कवीला आपल्या कवितेतली उणीव दिसत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

तिला करून दाखवायला चुटकी वाजवली, तर फुसकी गेली. थंडीनं बोटं सुकलीत. खोबरेल लावायला हवं.

रविवार, १४ डिसेंबर

आजचा दिवस सोन्याचा!

आरोही सकाळीच माझ्या खाटेवर येऊन बसली. “आबा, तुमची ती चुटकी-थाप-थाप वाजवा.” मी वाजवली. “चुटकीची एक मात्रा, थापेच्या दोन. म्हणजे पाच होतात ना? माझा ठेका चारचा आहे. नाचणाऱ्याचे पाय चारवर पडतात. पाच त्यात बसत नाही, लंगडतं.”

“मग राहू दे.”

“राहू दे कसं? तुमची ओळ पुरी म्हणा.”

चार गण, प्रत्येकी पाच मात्रा. वीस. ती ओरडली, “वीस! माझ्या चारनं पण वीस होतात!” खालून तिचा चारचा ठेका निघतो, वरून माझा पाचाचा निघतो. दोघं भांडत भांडत जातात आणि विसाव्या मात्रेवर बरोबर एकमेकांच्या गळ्यात पडतात. मी बाकासारखी खाट बडवली, तिनं जमिनीवर पाय आपटले. धुरपदाबाई हातातली पोळी तशीच घेऊन बाहेर आली. “घर पाडताय का दोघं मिळून?”

पण खाजामियाँ दारातच हसत उभा होता. हा माझा चाळीस वर्षांचा मित्र. त्याच्या बँडचं क्लॅरिओनेट वाजल्याशिवाय उमरग्यात वरात निघत नसे. डीजे आले आणि बँड बसला. आता तो टेलरिंगचं दुकान बघतो. मला वाटलं, आरोहीच्या उद्योगाचा याला राग येईल. तो म्हणाला, “बेटी, बँड बसला त्याचं दुःख न्हाय. पण तो डीजेवाला दुसऱ्याचंच गाणं वाजवतो गं. तू निदान तुझं तर वाजवतीस.”

रविवार, २१ डिसेंबर

चाळीस आवाजांची परीक्षा घेतली. गाण्यात कुठले घ्यायचे ते माझ्या गुणांवर ठरणार. लाल पेन काढलं, तक्ता आखला, दहापैकी गुण. मी परीक्षक, खाजामियाँ नियामक. दोघांनी एकमेकांचे गुण बघायचे नाहीत, बोर्डाचा नियमच आहे तसा.

काय एकेक आवाज! सात नंबरचा ऐकून मला ईट या माझ्या गावच्या विहिरीत दगड टाकल्यावर यायचा तो खोल ‘डुब्’ आठवला. त्याला नऊ दिले. बारा नंबरचा म्हणजे ओल्या वाळूतून बैलगाडी. आठ. एकोणीस नंबरचा उगाच गळा काढणारा, दोन देऊन घरी पाठवला.

मात्र कॉम्प्युटर बरेच कोरे पेपर देतो. आरोही “आता सोळा नंबर” म्हणते आणि काहीच येत नाही. असे अकरा निघाले. मी त्यांच्यापुढं रीतसर ‘गैरहजर’ लिहिलं. खाजामियाँ त्या वेळीही काहीतरी खरडत होता. शिंप्याला रिकामं बसवत नाही.

शेवटी आरोहीनं दोन्ही तक्ते शेजारी शेजारी धरले. एकदा खाजामियाँकडं पाहिलं. त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. मी म्हणालो, “एवढा फरक पडला का गुणांत?” ती म्हणाली, “नाही आबा. थोडासाच.”

सोमवार, २२ डिसेंबर

आरोहीचं यंत्र बिघडलं आहे. आज तिनं एक शीळ लावली, जाड आवाजापासून बारीक होत होत वर चढणारी. “आबा, आवाज बंद झाला की बोट वर करा.” मी केलं. पुन्हा लावली, पुन्हा तिथंच बंद पडली. सहा वेळा तेच. मी सांगितलं, “स्पीकर दाखवून आण, वरचं काहीतरी जळालंय.” तिनं वहीत आकडा लिहून घेतला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून थोडा वेळ बसली. थकली असेल पोरगी.

कुकर आजही करपला. मी शेजारीच पेपर वाचत बसलो होतो म्हणून सगळा ठपका माझ्यावर. धुरपदाबाई म्हणते, “कानाम्होरं पाच शिट्ट्या झाल्या, मी परड्यातनं मोजल्या!” शिट्टी एकही झालेली नाही. हल्ली कुकरही नीट बनवत नाहीत.

रविवार, २८ डिसेंबर

पास! पास! विशेष प्रावीण्यासह पास!

आरोहीनं गाणं पार बदललं. लघू आले! असे टणक, नेटके, लाकडी, जसं कुणी माझी सागवानी पट्टी बाकाच्या कडेवर टेकवत चाललंय. टक् धम् धम्, टक् धम् धम्. मला एकेक मात्रा मोजता आली. मी उभा राहून ऐकलं.

“माझं ऐकलंस शेवटी,” मी म्हणालो.

“हो आबा, ऐकलं.”

सायंकाळी समितीच्या नावानं पत्र लिहिलं : ‘सदर संगीत मी स्वतः काळजीपूर्वक ऐकले असून ते सर्वांगांनी निर्दोष आहे, याची मी हमी देतो.’ खाली सही. माझ्या सहीचा वेलांटीदार शेवट अजून तसाच येतो.

गुरुवार, १ जानेवारी २०२६

नवी डायरी. तीच कंपनी. ‘पाया मजबूत तर घर मजबूत.’ स्वागतकवितेची चोवीस कडवी झाली. सुरुवात अशी :

पुन्हा आज शाळे तुझी ओढ लागे
जुने बाक सारे मनी होत जागे

धुरपदाबाईला वाचून दाखवली. सहाव्या कडव्यापर्यंत तिनं ऐकली, मग म्हणाली, “बाकीची संक्रांतीनंतर ऐकते.”

मंगळवार, १३ जानेवारी

आज भोगी. आरोही भोगीची भाजी आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी घेऊन खाजामियाँकडं गेली. कविता मोठ्या अक्षरात उतरवायला कागद हवा होता, म्हणून तिच्या टेबलावरची फाईल उघडली.

वर आमचे दोन तक्ते होते. माझ्या अकरा गैरहजरांसमोर खाजामियाँचे गुण : सात, आठ, सहा, आठ... सोळा नंबरला नऊ. आरोहीनं त्या अकरांभोवती पेन्सिलीनं गोल केले होते आणि प्रत्येकाशेजारी हेलकाव्यांचा आकडा लिहिला होता. चार हजार. पाच हजार दोनशे. सहा हजार. ज्यांना मी गुण दिले होते ते सगळे दोन हजारांच्या आतले. शेवटच्या कागदावर तिचे नियम छापलेले होते. त्यातल्या एका ओळीत इंग्रजीत ‘आबा’ आणि पुढं दोन हजार. खाली मराठीत टिपण : ‘लघू याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत.’

कागद होते तसे फाईलमध्ये ठेवले. मग चुटकी वाजवली. फुसकी. उजव्या कानाशी नेऊन वाजवली. फुसकीच.

स्वयंपाकघराच्या दारात गेलो. “धुरपदाबाई, ऐकता का? माझी चुटकी वाजते का बघा जरा.” तिची पाठ माझ्याकडं होती, ती तीळ भाजत होती. मी वाजवली.

“वाजली की,” पाठ न वळवता ती म्हणाली. “चांगली खणखणीत वाजली. आज काय हे नवीन?”

मग वळली. माझं तोंड पाहिलं आणि गॅस बंद केला. स्टुलावर मला बसवलं आणि भाजलेले तीळ माझ्या हातावर ठेवले.

आवारातला बुलबुल, फोनची घंटी, कुकर, पोरांचे गिळलेले शब्द. सगळ्यांना मी नापास करत आलो.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. आरोहीला तिळगूळ दिला आणि जे बोलायला नको ते बोललो. “म्हाताऱ्यासाठी गाणं लंगडं केलंस. माझी दया आली तुला.”

पोरगी चिडली. चिडली की अगदी तिच्या आजीसारखी दिसते. “लंगडं? आबा, आधी मी चिक् चिक् लावलं होतं, जे जगातला प्रत्येक डीजे लावतो. तुमची रेघ आखली आणि लघू कुठं ठेवू तेच कळंना. तीन दिवस आवाज पाडत होते, सगळे टाकाऊ. मग ते लाकूड सापडलं. तुमच्या रेघेशिवाय सापडलंच नसतं. बंधन आलं की शब्द सुचतो, हे मला कुणी शिकवलं? आठवीच्या सुट्टीत, याच खाटेवर?”

मी शिकवलं होतं. विसरलो होतो.

“आणि सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही इतके खुशीत होता,” ती म्हणाली, आणि मग रडायलाच लागली. तिळगुळाचा लाडू दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला.

पण हमीपत्राचं काय? जे मला पूर्ण ऐकू येत नाही त्याला मी निर्दोष म्हणून सही केली. पेपर न उघडता गुण देणाऱ्या मास्तराची मला आयुष्यभर शिसारी होती.

शुक्रवार, १६ जानेवारी

शंभुलिंगच्या दुकानात गेलो आणि पत्र परत मागितलं. कारण सांगितलं. तो खिळे तोलत होता, तागडी तशीच राहिली.

“गुरुजी, मला नववीत तोंडीला नापास केलं, तवा तरी कान चांगले होते ना?”

“तेव्हा उत्तम होते.”

“मग जमलं की,” म्हणून हसला, पण लगेच तोंड उतरलं. “तुमच्या पत्रावरच गप्प बसवलं होतं सगळ्यांना. आता ईरण्णाला काय सांगू?”

सायंकाळी निरोप आला. आरोहीचा कार्यक्रम रद्द नाही, पण झेंडावंदनानंतर नाही. जेवणं झाल्यावर. म्हणजे मंडपवाला कनाती सोडवत असताना आणि लोक गाड्या पकडायला निघाल्यावर. आरोही म्हणाली, “चालेल की आबा. तुम्ही आणि खाजाचाचा तर असालच.” माझ्या खरेपणाची शिक्षा पोरीला झाली. ती जेवली. मी ताट बाजूला सारलं.

रविवार, २५ जानेवारी

पोशाख इस्त्री करून झाला. कविता पाठ आहे, चोवीसच्या चोवीस. मंडपवाल्याच्या निम्म्या खुर्च्या एका लग्नाला गेल्या, म्हणून वर्गातले जुने बाक मैदानात काढलेत. मी एकावर बसून पाहिलं. तोच करकर आवाज. हा अजून ऐकू येतो.

सोमवार, २६ जानेवारी

हात अजून दुखतोय, तरी लिहितो. उद्यावर टाकलं तर फुगवून लिहीन.

झेंडावंदन झालं. पाचशे माणूस. पांढऱ्या मिशांचे, टक्कल पडलेले, नऊवारीतले, जीन्समधले, सगळे बाकांवर दाटीवाटीनं. माझं नाव पुकारलं. हातात माईक घेतला आणि म्हणालो, “भुजंगप्रयातात चोवीस कडवी लिहून आणली आहेत.” पुढच्या रांगेतल्या तिघांनी लगेच घड्याळ पाहिलं.

“ती मी म्हणणार नाही,” मी म्हणालो. तिघांनी मनगट खाली घेतलं. “मला एक कबुली द्यायची आहे. मी एका विद्यार्थिनीचे चाळीस पेपर तपासले आणि अकरा जणांना गैरहजर मांडलं. ते वर्गातच होते. मलाच ऐकू आले नाहीत. ज्या कानाचा तुम्ही धाक धरलात तो कान आता अर्धाच उरला आहे. म्हणून तिचं गाणं मी पास केलंय असं सांगायचा मला अधिकार नाही. पण ही वीस मिनिटं माझी आहेत, ती कुणाला द्यायची याचा आहे. ती मी आरोहीला देतो. आज परीक्षक तुम्ही.”

ईरण्णा उठला. बासष्ट वर्षांचा, खजिनदार, कडक इस्त्रीचा. “गुरुजी, कार्यक्रमपत्रिकेत तसं न्हाय...”

“ईरण्णा, खाली बस.”

बसला! पाचशे जणांचा हशा झाला आणि ईरण्णाही त्यात हसला. मी हात केला, तशी आरोही आली. तिनं लॅपटॉप उघडला. खाजामियाँ तिच्याशेजारी स्टुलावर जाऊन बसला, क्लॅरिओनेट धरायचा तसा ताठ.

आधी खालचा चारचा ठेका आला, जमिनीतून, बाकांतून, माझ्या काठीतून. तरुण पोरं मागं उभी राहिली. पुढची म्हातारी मंडळी हाताची घडी घालून. मग लाकडी लघू आले. टक् धम् धम्. टक् धम् धम्. लोक थबकले. काहीतरी ओळखीचं ऐकल्यावर माणूस मान जशी तिरकी करतो तशी माना तिरक्या झाल्या. तिसऱ्या बाकावर चौऱ्याण्णवच्या बॅचची एक बाई होती, आता एसटीत कंडक्टर आहे. तिनं हात उचलला. चुटकी. थाप. थाप.

तिच्या शेजारणीनं तिच्याकडं पाहिलं आणि उचललं. मग तो बाक, मग ती रांग. शंभुलिंग व्यासपीठावरचं टेबल बडवायला लागला. मग सगळं मैदान! कुणाला सांगावं लागलं नाही, कुणी चुकलं नाही. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीचे हात, त्यांना अजून पाठ होतं. मागची पोरं चारवर नाचत होती, पुढचे बाप आणि आया पाचावर वाजवत होते, आणि दर विसाव्या मात्रेला सगळे एकदम उसळून खाली पडत होते, आणि हसत होते. ईरण्णाच्या इस्त्रीची घडी मोडली.

माझ्या तोंडून दोन ओळी निघत होत्या. माईक हातातच होता, हे नंतर कळलं. पुन्हा आज शाळे तुझी ओढ लागे. आरोहीनं झटकन माझ्याकडं पाहिलं, एक बटण दाबलं, आणि संगीत खाली बसून माझ्या आवाजाला वाट करून देऊ लागलं. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा मैदान माझ्यामागून म्हणत होतं.

शेवटाकडं एक गोष्ट घडली. एकदम सगळ्यांनी वर पाहिलं, जणू डोक्यावरून काहीतरी उडत गेलं. थापा थांबल्या. लहान पोरांनी तोंडं उघडली. मला तेवढा वेळ फक्त खालचा ठेका ऐकू येत होता. खाजामियाँला विचारलं, “काय झालं?” तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “तुमचे गैरहजर आले होते गुरुजी. सांगीन नंतर.”

खाली उतरलो तर शंभुलिंग पायाशी वाकला. म्हणाला, “जेवणानंतर परत एकदा ठेवायला लागतंय, लोक जायला तयार न्हाईत.”

चोवीस कडव्यांतल्या दोन ओळी म्हटल्या गेल्या. धुरपदाबाई म्हणाली, “तेवढ्याच चांगल्या होत्या.”

शनिवार, ७ फेब्रुवारी

बालाजी सोलापूरला घेऊन गेला. दोन्ही कानांत यंत्रं बसवली, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझ्याच चपला वाजल्या आणि मी मागं वळून पाहिलं, कोण येतंय म्हणून.

घरी आल्यावर पहिला आवाज धुरपदाबाईच्या बांगड्यांचा. त्या वाजतात, हे कधीपासून विसरलो होतो कुणास ठाऊक. तिला सांगितलं नाही. पण ती दिवसभर उगाच हात हलवत होती, म्हणजे तिला कळलं असावं. कुकरच्या चार शिट्ट्या मी मोठ्यानं मोजल्या. बुलबुल आवारातच होता.

सायंकाळी परीक्षेची बैठक घेतली. खाजामियाँ, आरोही, लाल पेन, जुना तक्ता. पुनर्तपासणी. आरोहीनं आधी मेळाव्यातली ती जागा लावली, जिथं सगळ्यांनी वर पाहिलं होतं. मी डोळे मिटले. हुरड्यात आलेल्या ज्वारीवरून पाखरांचा थवा एकदम उठावा, आणि प्रत्येक पाखराच्या गळ्यात घुंगरू असावं, तसं काहीतरी डोक्यावरून गेलं. ईटच्या रानात मी गोफण खाली टाकून असा उभा राहायचो. आठ-नऊ वर्षांचा असेन.

“ह्यांना तुमच्या रेघेच्या वर ठेवलं होतं,” आरोही म्हणाली. “म्हटलं, आबा येतील कधीतरी.”

मग एकेक ऐकून गुण दिले. खाजामियाँनं सोळा नंबरला नऊ दिले होते, मी दहा दिले. नियामकानं हरकत घेतली नाही, चष्मा काढून पुसायला घेतला.

तक्त्यावरचे अकरा शेरे लाल पेनानं खोडले आणि प्रत्येकासमोर नव्यानं लिहिलं. नियमाप्रमाणं खाली कारण नोंदवावं लागतं, तेही नोंदवलं :

‘अकराही हजर होते. परीक्षक उशिरा आले.’